फिरण्याची निगा

२०२५ साली तीन आठवड्यांच्या अंतराने दोन समारंभ झाले. २६ सप्टेंबरला चंदीगडच्या हवाई तळावर मिग-२१ला हवाई दलाने निरोप दिला आणि १७ ऑक्टोबरला नाशिकजवळच्या ओझरच्या धावपट्टीवरून, तिथेच बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए संरक्षणमंत्र्यांच्या साक्षीने उडालं. नाशिककरांना ही दोन्ही घरचीच कार्यं. ओझरचा विमान कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला तो मिग-२१ बांधण्यासाठी. तेव्हा संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, आणि ते आदल्याच वर्षी नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. गावाच्या नावाला ‘मिग’ असं चिकटलं की लोक आजही ‘ओझर मिग’ असंच म्हणतात. विमान जन्मलं तेव्हा हार-तुरे झाले, ते गेलं तेव्हाही झाले. मधली साठेक वर्षं मात्र कुणाच्या फोटोत आली नाहीत. ठरलेले उड्डाणाचे तास भरले की विमान परत यायचं, सुटं व्हायचं, भाग न् भाग तपासला जायचा, पुन्हा जोडला जायचा. या ओव्हरहॉलच्या कामासाठी ओझरला वेगळा विभागच आहे. इंजिन तिथे बनत नाही, ते ओडिशातल्या कोरापुटला. पण इंजिनाखेरीजही विमानात फिरणारं पुष्कळ असतं. इंधनाचे पंप, हायड्रॉलिक पंप, जनरेटर, चाकं, आणि वैमानिकाला आडवं-उभं कळावं म्हणून भोवऱ्यासारखे गरगरणारे जायरोस्कोप. माझं म्हणणं एवढंच आहे की जी वस्तू फिरते ती घडवण्यापेक्षा राखणं अधिक अवघड आणि अधिक बुद्धीचं काम आहे. आणि मानपान, पगार, शिक्षण या तिन्ही बाबतींत आपण याच्या नेमकं उलटं वागतो.

हे फिरणाऱ्या वस्तूबद्दलच का म्हणायचं? पूल, भिंत, धरण यांनाही निगा लागतेच की. लागते, पण फिरण्याचं गणित वेगळं आहे. कुठलाही फिरणारा भाग कधीच अगदी तोलात नसतो. ओतकामात कुठे पोकळी राहते, लेथवर केसभर जास्त धातू कापला जातो, चावीची खाच एका बाजूलाच असते. म्हणजे त्या भागाचा गुरुत्वमध्य आणि तो ज्या आसाभोवती फिरतो तो आस यांच्यात थोडं अंतर राहतंच. स्थिर असताना या अंतराने काही बिघडत नाही. फिरायला लागलं की बिघडतं, आणि ते वेगाच्या वर्गाच्या पटीत बिघडतं. हिशेब सोपा आहे. सराफ हल्ली ज्याला तोळा म्हणतो तेवढं, दहा ग्रॅम वजन, आसापासून दहा सेंटिमीटरवर जास्तीचं राहिलं, आणि पंखा मिनिटाला ३,००० फेरे घेऊ लागला, तर ते दहा ग्रॅम दहा किलोच्या ओढीने बेअरिंगला बाहेर खेचतात. ओढ एका दिशेला असती तर बेअरिंगने सोसली असती. ती सेकंदाला पन्नास वेळा दिशा फिरवते. वेग चौपट केला, १२,००० केला, की ओढ सोळापट होते, दीडशे किलोच्याही वर. मिग-२१च्या इंजिनातले रोटर मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेत. बॉल बेअरिंगचा नियम तर आणखी निष्ठुर आहे: त्याच्यावरचा भार दुप्पट केला की आयुष्य निम्मं होत नाही, एक अष्टमांश होतं. म्हणजे आज क्षुल्लक दिसणारी चूक फिरणाऱ्या यंत्रात क्षुल्लक राहत नाही. ती वाढत जाते, आणि वाढताना शेजारच्या भागांनाही आपल्यासारखं करते. बेअरिंगला प्ले आला की शाफ्ट हलतो, शाफ्ट हलला की कपलिंग वाकडं ओढलं जातं, कपलिंग ओढलं गेलं की पंपाचं बेअरिंग जातं. भिंतीला तडा गेला तर वर्षभर विचार करायला वेळ मिळतो. इथे तो मिळेलच असं नाही.

शास्त्रज्ञही या बाबतीत सुरुवातीला चुकले होते. रँकिन हा स्कॉटिश अभियंता काही लहान माणूस नव्हता. वाफेच्या इंजिनाची उष्णतागणितं आजही त्याच्या नावाने शिकवतात. १८६९ मध्ये त्याने असं मांडलं की फिरणाऱ्या दांड्याला वेगाची एक मर्यादा आहे आणि तिच्यापलीकडे तो स्थिर फिरूच शकत नाही. पुढे स्वीडनच्या द लावालने आपली वाफेची टर्बाइन मिनिटाला तीस हजार फेऱ्यांपर्यंत पळवली, तीही मुद्दाम बारीक, लवचीक दांड्यावर. त्या घातक वेगाशी दांडा थरथरला, आणि तो वेग पटकन ओलांडल्यावर शांत झाला. कारण वेग ओलांडल्यावर चाक आपल्या आखून दिलेल्या मध्याभोवती फिरायचं सोडून स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती फिरू लागतं. याची नीट उपपत्ती जेफकॉटने दिली ती १९१९ मध्ये. आज मोठी टर्बाइन सुरू करताना चालवणारे या क्रिटिकल वेगाच्या आसपास रेंगाळत नाहीत, तो झटक्यात पार करतात. या सगळ्या प्रकरणात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते: यंत्र आधी चाललं, सिद्धान्त नंतर आला. फिरत्या भागाविषयीचं बरंचसं ज्ञान असंच, चालवणाऱ्याच्या हातातून कागदाकडे गेलेलं आहे.

नाशिकजवळ एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. असा संच मिनिटाला बरोबर ३,००० फेरे घेतो, कारण आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. बाहेरच्या माणसाला वाटेल, संच बंद करायचा म्हणजे वाफ तोडायची आणि घरी जायचं. तसं केलं तर दुसऱ्या खेपेला संच धड फिरणार नाही. वाफ तोडल्यावरही आतला दांडा प्रचंड तापलेला असतो. आवरणात गरम हवा वर चढते, खालची बाजू आधी निवते, वरची मागे राहते. दांडा स्थिर पडून राहिला तर या फरकाने तो धनुष्यासारखा वाकतो, डोळ्याला दिसणार नाही इतका. पण वर सांगितलेलं वर्गाचं गणित त्या न दिसणाऱ्या बाकालाही सोडत नाही. म्हणून थांबवलेल्या टर्बाइनचा दांडा एका छोट्या मोटारीने, बॅरिंग गिअर लावून, तो निवेपर्यंत कितीतरी तास हळूहळू फिरवत ठेवतात. वीज शून्य, उत्पन्न शून्य, तरी फिरवायचं. हिशेबाच्या वहीत हे तास फुकट गेलेले दिसतात. पुढच्या वेळी संच चालतो तो मात्र याच तासांमुळे.

आता एक दूरचं उदाहरण, कारण त्याची चौकशी फार बारकाईने झाली आहे. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची पुढची फॅन डिस्क हवेत फुटली. तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक वाहिन्या तोडल्या, विमानाचे कुठलेच नियंत्रणपृष्ठ हलेना. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत ते कसंबसं सू सिटीच्या धावपट्टीवर आणलं. २९६ जणांपैकी १८४ वाचले. दोष मुळात टायटॅनियम वितळवतानाचा, म्हणजे जन्मजात. धातूत एक कठीण कण अडकला होता, तिथून तडा निघाला आणि प्रत्येक उड्डाणागणिक किंचित वाढत गेला. सतरा वर्षं ती डिस्क फिरली. मग दोष घडवणाऱ्याचा? चौकशी मंडळाने मुख्य बोट ठेवलं ते तपासणीवर. अपघाताच्या वर्षभर आधी ती डिस्क चमकणारं द्रव्य लावून, जंबुपार प्रकाशाखाली पाहिली गेली होती. तडा तेव्हा सुमारे अर्धा इंच होता, दिसण्याजोगा होता, आणि तो दिसला नाही. मंडळाने असंही म्हटलं की तपासणाऱ्या माणसाच्या मर्यादांचा विमान कंपनीने पुरेसा विचार केला नव्हता. घडवताना झालेली चूक सतरा वर्षं क्षम्य राहिली. पाहताना झालेल्या चुकीला क्षमा नव्हती.

विमान आणि वीजकेंद्र ही मोठ्यांची उदाहरणं झाली. पण याच विद्येची रोजची शाळा निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या रस्त्यांवर आहे, पत्र्याच्या शेडमध्ये, ‘मोटार रिवाइंडिंग’ अशा हाताने रंगवलेल्या पाटीखाली. द्राक्षबागेला पाणी हवं आणि मोटार जळाली की ती तिथे भरायला येते. मोटारीची झाकणं काढून रोटर बाहेर ओढला की आत उरतो स्टेटर, त्याच्या स्लॉटमध्ये बसवलेल्या तांब्याच्या कॉइल. जाणता वायंडर तार तोडण्याआधी ती जळकी मोटार वाचतो. सगळ्या कॉइल एकसारख्या काळवंडल्या असतील तर मोटारीवर बोजा जास्त पडला किंवा व्होल्टेज कमी मिळालं. व्होल्टेज उतरलं की तेवढंच पाणी उचलायला मोटार जास्त करंट ओढते आणि तापते. एकाच ठिकाणी, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, तार वितळली असेल तर तिथलं इन्शुलेशन आधीच खरवडलेलं होतं. कॉइल नियमित अंतराने काळ्या-कोऱ्या, काळ्या-कोऱ्या दिसत असतील तर एक फेज गेला होता आणि मोटार उरलेल्या दोनांवर घुरघुरत राहिली होती: स्टारची जोडणी असेल तर दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि तिसऱ्याच्या जवळपास नव्या, डेल्टा असेल तर एकाच फेजच्या काळ्या. आणि स्टेटरच्या आतल्या पत्र्यांवर घासल्याची चकचकीत पट्टी दिसली तर कॉइलचा काहीच गुन्हा नाही. बेअरिंग झिजून रोटर खाली बसला होता. लहान मोटारीत रोटर आणि स्टेटर यांच्यामधली फट अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. बेअरिंगने तेवढी जरी जागा सोडली की फिरणारं न फिरणाऱ्याला लागतं. मग तो बेअरिंगवरचा नंबर बघतो. समजा ६२०५. शेवटचे दोन आकडे पाचाने गुणले की आतला व्यास मिलिमीटरमध्ये, पंचवीस. हे सगळं वाचायला पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांचे पैसे मात्र त्याला कुणी देत नाही. मजुरी ठरते ती हॉर्सपॉवरवर आणि किती किलो तार लागली यावर. गिऱ्हाईक म्हणतं, उद्या सकाळी मोटार पाहिजे. तो रात्री बसून ती भरतो, मोटार परत जाते त्याच स्टार्टरखाली, ज्याचा रिले कुणीतरी ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून तार बांधून बाद केलेला असतो. रात्रीच्या पाळीत एक फेज जातो. मोटार पुन्हा जळते, आणि बोलणी खातो तो वायंडर.

इथे एक बळकट आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. देखभाल म्हणजे नेहमी भलंच, हे खरं नाही. १९७८ मध्ये नोलन आणि हीप या दोघांनी विमानांच्या भागांच्या बिघाडांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की ८९ टक्के भागांना ठरावीक तासांनंतर उघडून दुरुस्त करण्याचा काही फायदा नव्हता. वय वाढलं म्हणून ते जास्त बिघडत नव्हते. उलट ६८ टक्के भागांमध्ये बिघाडाची शक्यता सर्वात जास्त होती ती नवीन बसवल्याबरोबर, किंवा नुकतंच उघडून जोडल्यावर. म्हणजे उघडणं हाच धोका. गावठी पातळीवर हे आपल्यालाही ठाऊक आहे. चांगल्या चाललेल्या बेअरिंगमध्ये उत्साहाने ग्रीस कोंबलं तर ते घुसळलं जाऊन तापतं आणि बेअरिंग लवकर जातं. बेअरिंग हातोडीने ठोकून बसवलं तर गोळ्यांचे व्रण आतल्या खोबणीवर उठतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज देतं. तेव्हा सारखं पान्याला हात घालणारा फिटर हा यंत्राचा मित्र नव्हे. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. पण तो माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही, त्याला धार लावतो. नोलन-हीप यांनी ‘देखभाल करू नका’ असं म्हटलं नाही. कुठला भाग उघडायचा, कुठला नुसता पाहत राहायचा आणि कुठला मोडेपर्यंत चालवायचा, हे भागाभागानुसार ठरवा, असं म्हटलं. हे ठरवायला घडवण्यापेक्षा कमी बुद्धी लागते असं कोण म्हणेल? आणि गंमत अशी की हे दोघेही युनायटेड एअरलाइन्सचेच. त्यांच्या अभ्यासानंतर अकरा वर्षांनी त्याच कंपनीच्या विमानाची डिस्क फुटली. डिस्क हा उरलेल्या अल्पसंख्य भागांपैकी: ज्याचं आयुष्य मोजूनच द्यावं लागतं, आणि ज्याच्याकडे नुसतं पाहणं म्हणजेच सर्व काही.

दुसरा आक्षेप तरुण अभियंत्यांचा असतो. आता बेअरिंग सीलबंद येतात, कंपन मोजणारे सेन्सर शाफ्टजवळ बसवता येतात, मोबाइलवर इशारा येतो. मग कानाला स्क्रू ड्रायव्हर लावून बेअरिंग ऐकणारा माणूस कशाला? सीलबंद बेअरिंगने खरंच चांगलं झालं, धूळ आणि जास्तीचं ग्रीस दोन्ही टळलं. पण सेन्सर मोजतो, ठरवत नाही. रशियातल्या सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रात १७ ऑगस्ट २००९ रोजी दोन क्रमांकाच्या टर्बाइनचं झाकण उडालं, पाणी यंत्रघरात घुसलं आणि ७५ माणसं मेली. झाकण धरून ठेवणारे बोल्ट कंपनाने थकून तुटले होते. तो संच आधीपासून जोराने थरथरत होता आणि आकडे समोर होते. उणीव होती ती ‘बंद करा’ म्हणणाऱ्याची, आणि त्याचं ऐकलं जाईल अशा व्यवस्थेची. सेन्सर वाढले की अशा माणसाची गरज कमी होत नाही. त्याच्यापुढे रोज येणारे आकडे तेवढे वाढतात.

तिसरा आक्षेप सर्वात बोचरा आहे, आणि तो पुन्हा मिग-२१कडे नेतो. डागडुजीचं हे कौतुक म्हणजे गरिबीचं समर्थन, असं काही जण म्हणतील. जुनं ते रेटत राहायचं, जुगाड करायचा, आणि त्याला निगा असं गोंडस नाव द्यायचं. मिग-२१ फार वर्षं चालवलं, वैमानिक गेले, हे खरं आहे. पण जुगाड आणि निगा यांची गल्लत करू नये. जुगाडाला फक्त आजचा दिवस काढायचा असतो. निगा राखणाऱ्याच्या अधिकारातला सर्वात मोठा निर्णय म्हणजे भाग बाद करणं. डिस्कचं आयुष्य इंजिनाच्या तासांवर नव्हे, तर किती वेळा ती पूर्ण वेगाला जाऊन परत थांबली या चक्रांवर मोजतात. चक्रं भरली की वरून कितीही ठणठणीत दिसो, ती काढून टाकायची. हे करायला ज्ञान लागतं आणि ‘नाही’ म्हणण्याची मुभा लागते. पाळायची तारीख पुढे ढकलली जाते ती सहसा टेबलावर, बाकावर काम करणाऱ्याच्या हातून नव्हे. नव्या विमानांना उशीर झाला म्हणून जुनी चालवावी लागली, हा दोष राखणाऱ्यांच्या पदरात टाकणं न्यायाचं नाही.

पूर्वी आपल्याकडे हे भान नव्हतं असं नाही. दारावरून पाथरवट जायचा, जात्याला टाकी लावायची का विचारत. जात्याची तळी घासून गुळगुळीत झाली की दाणा भरडायचा, पीठ पडायचं नाही. तो छिन्नी-हातोडीने ती पुन्हा खरखरीत करून द्यायचा आणि पायली-अधोली धान्य घेऊन पुढच्या घरी जायचा. टाकीचे घाव देवाला एकदाच सोसावे लागतात. जात्याला पुन्हा पुन्हा. मूर्ती घडवणाऱ्याचं नाव कधीमधी शिलालेखात तरी सापडतं, जातं राखणाऱ्याचं कुठेच नाही. आज सातपूर-अंबडच्या कारखान्यांत खंडेनवमीला लेथला झेंडूचा हार पडतो, कुंकू लागतं, पेढे वाटले जातात. छान आहे. पण त्याच कारखान्यांत मेंटेनन्स खात्याची गणना खर्चाच्या बाजूला होते, प्रॉडक्शनची उत्पन्नाच्या. मंदी आली की पहिली कात्री कुठे चालते हे विचारायची गरज नाही. अभियांत्रिकीच्या मुलाला डिझाइनमध्ये नोकरी मिळाली तर घरचे चार लोकांना सांगतात, मेंटेनन्समध्ये मिळाली तर ‘सध्या तिथे आहे’ म्हणतात. दुरुस्तीची कामं सर्वात कमी दराच्या निविदेला जातात, आणि त्या निविदेत बिघाडाचं कारण शोधण्यासाठी एक रकानाही नसतो.

हे बदलायला सरकारी धोरणाची वाट पाहायची गरज नाही. तुमची मोटार पुढच्या वेळी भरायला द्याल तेव्हा आधी दर विचारू नका आणि वायंडरला लगेच तार तोडू देऊ नका. ती का जळाली हे त्याला आधी विचारा, तो सांगेल ते स्टार्टरपाशी जाऊन दुरुस्त करून घ्या, आणि त्या उत्तराचे पैसे मजुरीहून वेगळे मोजा.